चार तासांत अमेरिका

एका संध्याकाळी मी माझी सख्खी आई हरवली, आणि तीही आकाशात.

आमची वैशूताई सॅन फ्रान्सिस्कोला असते. तिचे दिवस भरत आले, म्हणून आई बाळंतपणाला निघाली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात, आणि एकटी! तिकीट मी वाचलं. मुंबईहून सुटणार दुपारी चारला, तिथे उतरणार रात्री आठला. तारीख तीच.

"चार तास!" मी जाहीर केलं.

"अहो, दुबईलाच तीन तास लागतात म्हणे," बायको म्हणाली.

"लागत असतील. हे नॉनस्टॉप आहे! आपली एसटी माणगाव, महाड, चिपळूण करत जाते, म्हणून कणकवलीला रात्र जाते. मध्ये कुठे थांबायचंच नाही, तर वेळ कशाला लागेल?"

बायको गप्प बसली. (अशा वेळी ती गप्प बसते आणि मी तो माझा विजय समजतो.) आई मात्र खूश होऊन गेली.

आठ वाजले, फोन नाही. साडेआठ झाले, तरी नाही. ताईला लावला, तर रिंग जातेय आणि कोणी उचलत नाही! भावोजींचा फोन बंद! चाळीच्या गॅलरीत येऊन मी एवढंच म्हणालो, "आईचा पत्ता लागत नाहीये." पलीकडच्या खोलीपर्यंत त्याचं "विमानाचा पत्ता नाही" झालं, आणि तळमजल्यावर ते विमान थेट समुद्रात पडलं!

पाच मिनिटांत अख्खी चाळ आमच्या खोलीत. कोणी बातम्या लावल्या, कोणी माझ्या टाळूवर पाणी थापलं. मी ढसाढसा रडत होतो. आई गेली, आणि तिला विमानात बसवून देणारा मीच, याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटी तळमजल्यावरचे दाजीकाका नारळ घेऊन उभे राहिले. मालवणचा माणूस, संकट दिसलं की देवाला गाऱ्हाणं घालणारच!

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराची आवस इमानातसून अमेरिकेक निघाली हा. ता इमान खंय अडाकला आसात, तर ता सुटाक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ ओरडली.

आणि माझा फोन वाजला. वैशूताई!

"काय रे, एवढे मिस्ड कॉल? आत्ता उठतेय मी. फोन सायलेंटवर होता."

"ताई, आई..."

"आईचं काय? ती विमानात आहे ना? रात्री आठला उतरेल."

"आठ कधीच वाजून गेले, ताई!"

"तुमचे रे! आमच्याकडे आत्ता सकाळ आहे! सोळा तासांचा प्रवास आहे तो, बावळटा!"

फोन स्पीकरवर होता. दाजीकाकांनी माझ्याकडे पाहिलं, नारळ पुन्हा वर धरला आणि गाऱ्हाणं पुरं केलं.

"आणि ह्या झिलाक वायच अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सर्वांत मोठा आवाज माझ्या बायकोचा होता.

सकाळी आईचा सुखरूप पोहोचल्याचा फोन आला. मी निश्चिंत मनाने परळला माझ्या शाळेत गेलो, सातवीच्या वर्गात शिरलो आणि फळ्यावर आजचा धडा लिहिला : 'रेखांश आणि स्थानिक वेळ.'

आमच्याच चाळीतल्या एका पोरीने हात वर केला. "सर, हे आज कोण शिकवणारे?"