दुरुस्त फाइलमधली जास्तीची ओळ

निवृत्त होऊन चार वर्षे झाली, पण एक निळा पेन ड्राइव्ह काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

किनवट भागातल्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना कॉलेजात शिकणारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. रानभाज्यांवरचा तिचा प्रकल्प अहवाल पेन ड्राइव्हवर होता आणि फाइल उघडत नव्हती. दुसरी प्रत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अहवाल दिला नाही, तर वर्ष जाणार होते. घरात शिकणारी ती पहिलीच. मीही जळकोटकडच्या आमच्या घरातला पहिलाच, त्यामुळे मला ते जरा जास्त लागले असेल.

तिचा संशय मैत्रिणीवर होता. "सोमवारी तिच्याकडंच होता, सर. गुन्हा दाखल करा." दोघींचे भांडण झाल्याची खबर मैत्रीण राहत होती त्या वसतिगृहातूनही मिळाली.

मैत्रिणीला बोलावून महिला शिपायासमोर विचारपूस केली.

"फाइल उघडली होती?"

"हाव सर. वाचली. खराब न्हाई केली."

"भांडण कशावरून?"

"मी पोलीस भरतीसाठी रोज पळून राहिले ना. ती मला हवालदारीणबाई म्हणून चिडवती." मग म्हणाली, "गुन्हा लागला तर चारित्र्य पडताळणीतच संपले मी, सर."

खोटे बोलणारा तपशील फार देतो. ही मोजकेच बोलली. तरी माझी खात्री होत नव्हती. ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली आणि पेन ड्राइव्ह संगणक पाहणाऱ्या शिपायाकडे दिला.

"सेव्ह होत असताना उपसला की असं होतं," तो म्हणाला. दाराशी उभे असलेले वडील एक पाऊल मागे सरकले. दिसले मला, पण माझे लक्ष मैत्रिणीवर होते. ती माझी चूक.

शिपायाने मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत काढली आणि दुरुस्तीचे सॉफ्टवेअर त्या प्रतीवर चालवले. आधी अक्षरांऐवजी नुसते चौकोन आले. दुसरे सॉफ्टवेअर लावले, तेव्हा एकेक पान परत येऊ लागले. दोन तक्ते गेले, बाकी सगळे वाचले. मुलगी रडायलाच लागली. मग पहिल्या पानावर थबकली. तिच्या आणि वडिलांच्या नावाखाली आईचे नाव होते. पुढे लिहिले होते, 'हिच्यामुळे शिकली.'

"सर, हे मी लिहिलं न्हाई."

"मी लिवून घेतलं, साहेब," वडील म्हणाले. मंगळवारी बाजाराला जाताना पोरीचे नाव पाहावे म्हणून ते तिला न सांगता पेन ड्राइव्ह घेऊन संगणकाच्या दुकानात गेले होते. "लई मोठ्या अक्षरात होतं. खाली माझं. म्हनलं, कापूस तिच्या मायनं येचला, मग नाव माझंच कसं? तिचं बी टाका. तेवढ्यात एसटी लागली. दुकानवाला थांबा थांबा म्हनून राहिला, अन् मी उपसून पळालो." मग हळूच विचारले, "कोणतं कलम लागतंय मला?"

"एसटीमागं पळायचं," मी म्हणालो.

मुलगी उठून मैत्रिणीपुढे उभी राहिली. "हवालदारीणबाई, चुकलं माझं."

"आधी अहवाल दे. मग बघते तुला."

गुन्हा दाखल झाला नाही. अहवाल वेळेत गेला, त्या ओळीसकट.

नोकरीभर मी नुकसान दिसले की वैर शोधत आलो. मायेच्या घाईनेही नुकसान होते, हे त्या दिवशी कळले. पुढच्या रजेत गावी गेलो, तेव्हा पेटीतून माझा पदवीचा कागद काढून पाहिला. त्यावर आईचे नाव नव्हते. पूर्वी एकदा तो मी तिला वाचून दाखवला होता. सगळा वाचून झाला, तेव्हा तिने विचारले होते, "एवढंच लिवलंय का?"