शून्य ते शंभर

माझ्या वाट्याला आजवर जेवढा वैताग आला, त्यातला निम्मा एकट्या आमच्या साडूंनी दिला आहे. उरलेला निम्मा वीज, पाणी आणि खड्डे यांनी मिळून. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, राहणार बदलापूर, कात्रप. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात अधिकारी म्हणून हयात गेली, तोवर स्कूटरच्या पुढे मजल नव्हती. आणि निवृत्त होताच एक छोटी टर्बो गाडी घेऊन बसले. गाडी एवढीशी, पण तिच्यात म्हणे ‘लाँच कंट्रोल’ होतं. डाव्या पायाने ब्रेक दाबून धरायचा, उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर पार खाली. इंजिन गुरगुरायला लागलं की ब्रेक सोडायचा, गाडी सुटते. “शून्य ते शंभर, एका दमात! मरायच्या आधी एकदा करणार म्हणजे करणार,” हे मी इतक्या वेळा ऐकलंय की माझे कान किटले. आता तुम्हीच सांगा, कात्रपच्या रस्त्यावर रिक्षा, भाजीच्या हातगाड्या आणि दर चार घरांमागे एक गतिरोधक. इथे शून्यावरून वीसवर पोचलेला माणूस देवाचे आभार मानतो. शंभर काय कपाळ करणार?

गाडीच्या पूजेच्या दिवशीच चुणूक दिसली. चाकांखाली लिंबं ठेवून झाली, गुरुजी म्हणाले, “आता हळूच पुढे घ्या.” हळूच हे साडूंना जन्मात कधी जमलंय? त्यांनी दोन्ही पाय दाबले आणि ब्रेक सोडला. एक लिंबू वॉचमनच्या खुर्चीखाली सापडलं, दुसरं अजून सापडायचंय, आणि गुरुजी स्वतः कुंडीत बसलेले सापडले. गेटपाशी कशीबशी गाडी थांबली. खाली उतरून हे गृहस्थ गुरुजींना उठवायचं सोडून मला म्हणतात, “जरा लवकर सोडला रे ब्रेक. उगाच वाया गेलं!” ताई, म्हणजे त्यांची बायको, त्या दिवसापासून रिक्षानेच फिरते.

मग वजनाचं खूळ शिरलं. गाडी हलकी तर पळणार, म्हणून स्टेपनी काढून बाल्कनीत ठेवली, आणि डॅशबोर्डवरचा पितळी गणपती जाऊन तिथे प्लॅस्टिकचा आला. मला घ्यायला हेंद्रेपाड्यात माझ्या घरी येत, तेव्हा दार उघडण्याआधी विचारत, “जेवून आलायस का?” उल्हासनगरला सीट कव्हर घ्यायला गेलो, तर यांनी ती शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून मागितली. सिंधी दुकानदाराने हात जोडले, “साईं, ये सीट कव्हर है, कांदा-बटाटा नहीं!” येताना टायर पंक्चर झाला. स्टेपनी बाल्कनीत! भर उन्हात पंक्चरवाल्यापर्यंत गाडी मी ढकलतोय, आणि हे स्टिअरिंग धरून आतून म्हणतात, “बघ, ढकलायला किती हलकी झालीय!” त्या क्षणी माझ्या हातून काहीही घडू शकलं असतं.

यंदा काचबिंदूने त्यांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. गाडी विकायला काढली, गिऱ्हाईकही ठरलं. मग ताईचा फोन आला, “अरे, हे बोलतच नाहीत रे. नुसते खाली जाऊन गाडीत बसतात. सोमवारी गाडी जाणार. तू काहीतरी कर ना.”

मी कपाळाला हात लावला आणि रविवारी सकाळी गेलो. अंबरनाथला कारखान्यांमागे एक लांब सरळ रस्ता आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. साडूंना शेजारी बसवलं. स्टिअरिंगवर मी, आयुष्यात साठच्या वर न गेलेला माणूस!

“भाऊ, मला भीती वाटतेय.”

“मी आहे ना. दाब दोन्ही पाय. थांब... थांब... सोड!”

पाठ सीटला चिकटली. साडूंनी डोळे गच्च मिटले होते. “किती झाले? मला आकडा दिसत नाही, तू सांग!” आकडा पंचाहत्तर होता आणि समोरून वळण अंगावर येत होतं. मी ब्रेकवर उभा राहिलो आणि ओरडलो, “शंभर! भाऊ, शंभर झाले!”

गाडी थांबली. साडू तसेच डोळे मिटून बसलेले.

“खोटारड्या,” ते म्हणाले. “गिअर बदलल्याचा आवाज एकदाच आला. दुसऱ्यांदा बदलल्याशिवाय या गाडीचे शंभर होत नाहीत.”

“अहो, वळण आलं होतं!”

“मग अजून मागून सुरू कर.” त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “मला आता करता यायचं नाही रे. निदान ऐकू तरी दे पूर्ण.”

काय माणूस आहे! चार शब्द सुनवायचे होते, ते उद्यावर ढकलले. मी गाडी वळवली, रस्त्याच्या पार टोकाला नेऊन उभी केली, डोळे पुसले आणि दोन्ही पाय दाबले.