शिवेपर्यंतची सोबत

लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीचा तो शेवटचा दिवस होता. कापूरहोळला पोचलो की सुटलो, एवढंच डोक्यात होतं. आंबवड्यात एका म्हाताऱ्याच्या अंगणात पाणी प्यालो आणि निघालो, तर तो मोटरसायकल काढून माझ्या मागे. पुढे जाईना, वळेना. हा नक्की आयोजकांचा माणूस, मी सायकल टेम्पोत टाकतो का ते बघतोय! मोह तर मला सकाळपासून होताच. मग त्याच्या नाकावर टिच्चून अख्खा चढ चढलो आणि वर पोचताच भडकलो, "काय हो, पाळत ठेवताय माझ्यावर?"

तो ओशाळला. "न्हाई ओ. आमच्यात पाव्हण्याला शिवंपातुर सोडत्यात. ही आली शीव. जावा आता सावकाश."

तो वळून गेला आणि त्याच्याबरोबर माझी ईर्ष्याही गेली. तेवढ्यात एक रिकामा टेम्पो आला. हात केला असता तर थांबला असता. म्हातारा अजून मागेच आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि कापूरहोळपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.