नाना मिस्त्रींची गॅलरी

मुलांनो,

मागे फोनवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, तुझं घर ज्याने बांधलं त्याच्याकडे सर्टिफिकेट होतं का?" मी "नव्हतं" म्हणाले. तुमच्या तिकडे परदेशात नळ दुरुस्त करणाराही आधी शिकतो, मग कुणाच्या तरी हाताखाली राबतो, परीक्षा देतो आणि मगच पाना हातात घेतो, हे मला माहीत आहे. मग तुमच्या बाबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "आई, घर कुणाकडून तरी तपासून घे. त्याशिवाय मी मुलांना तिथे झोपवणार नाही."

तुमची उन्हाळ्याची तिकिटं अजून काढायची होती. घर नापास झालं असतं तर तुम्ही हॉटेलात उतरला असता, दोन दिवस माझ्याकडे येऊन जेवला असता आणि परत गेला असता. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरात लेकरं असावीत म्हणून मी वर्षभर दिवस मोजते, हे तुमच्या बाबांना ठाऊक आहे. तरी ते बोलले ते बरोबरच होतं. आता तपासणी होऊन गेली आहे. काय निघालं ते फोनवर नीट सांगता येत नाही, कारण बाबा मध्येच बोलतात. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

हे घर झालं तेव्हा तुमचे बाबा शाळेत होते. त्याआधी आम्ही धुळ्यात भाड्याने राहायचो. तिथल्या घरमालकाकडे बांधकाम करणाऱ्या मिस्त्रींना सगळे नाना म्हणायचे. आजोबांची जळगावला बदली झाली, इथे प्लॉट घेतला, आणि आजोबा म्हणाले, मिस्त्री आणायचा तर धुळ्याचाच. नाना आले ते पुढे इथलेच होऊन गेले.

नानांची शाळा चौथीत सुटली होती. त्यांच्या मामांच्या हाताखाली त्यांनी आधी नुसती वाळू चाळली, मग पाणी वाहिलं, मग घमेली उचलली. थापी हातात मिळायला बरीच वर्षं गेली, आणि त्यांनी बांधलेली पहिली भिंत मामांनी ओली असतानाच लाथेने पाडली.

"का? वाकडी होती?" मी विचारलं होतं.

"सरळ व्हती, बाई. पन इटा मी कोरड्याच लायेल व्हत्यात."

आमच्या उन्हात कोरडी वीट सिमेंटच्या मालातलं सगळं पाणी पिऊन टाकते आणि भिंत आतून भुसभुशीत राहते. मामांनी हे समजावून सांगितलं नव्हतं, भिंत पाडून दाखवलं होतं. माझ्या घराची एकही वीट टाकीत बुडवल्याशिवाय लागली नाही.

पायाचंही तसंच. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. तिच्यावर उभं केलेलं घर तिच्याबरोबर हलतं. नानांनी मुरूम लागेपर्यंत खोदायला लावलं. खोदणारे कुरकुरले, आजोबांचे एक मित्र म्हणाले की हा माणूस घर बांधतोय की विहीर. नानांनी खड्ड्यात उतरून पहारीने ठोकून पाहिलं आणि वर येऊन सांगितलं, अजून खाली. भर वैशाखात स्लॅब पडला तेव्हा त्यावर आळी करून पाणी साठवलं होतं, आणि नाना सकाळ-संध्याकाळ वर जाऊन पाणी हाताने चाचपायचे, तापलेलं तर नाही ना म्हणून.

एवढं सगळं त्यांना येत होतं. आता गॅलरीकडे येते.

त्या वेळी धुळ्यातल्या नव्या वसाहतींत गॅलऱ्या दिसू लागल्या होत्या. भिंतीतून पुढे आलेल्या, खाली आधार नसलेल्या. मला एक हवी होती, सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसायला. नानांनी खोल्यांवरचे स्लॅब पुष्कळ टाकले होते, गॅलरी मात्र एकही नाही, नुसत्या दुसऱ्यांच्या पाहिल्या होत्या. पण ते एका दमात म्हणाले, "करी देसू, बाई." आणि करूनही दिली. दिसायला फार छान होती.

काम संपत आलं तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. त्या यावलजवळच्या आपल्या गावी राहायच्या. तिथलं मातीच्या सपाट छताचं जुनं घर, म्हणजे धाबं, त्याच वर्षी उतरवलं होतं. आपल्या घराण्यात पद्धत अशी की धाबं उतरवलं तरी त्याचे मधले खांब विकायचे नाहीत, जळणात घालायचे नाहीत. नव्या घरात कुठेतरी उभे करायचे. अक्का ट्रॅक्टरमधून दोन सागवानी खांब आणि त्यांच्यावरचं आडवं लाकूड घेऊन आल्या. सिमेंटच्या घरात त्यांना जागा कुठे? अक्कांनी घराभोवती एक फेरी मारली आणि गॅलरीखाली येऊन थांबल्या.

"हे काय वं, हवेत लटकेल?"

"गॅलरी आहे, अक्का."

"तिचे पाय कुठी हायेत?"

"अक्का, मझार लोखंड शे," नाना गॅलरीच्या आतल्या सळईबद्दल म्हणाले. "बठ्ठं बराबर शे. तुम्ही वर जाईसन नाचा."

"मी नाचीन रे बाप्पा. तू खाली उभा राय."

सगळे हसले, नानाही हसले. पण अक्का काही हटल्या नाहीत. खांब तिथेच उभे राहिले, त्यांच्यावर ते आडवं लाकूड चढलं, आणि फट राहिली म्हणून अक्कांनी नानांकडून पाचरी ठोकून घेतल्या. नाना ठोकत होते आणि पुटपुटत होते की मान म्हणून करतोय, गरज म्हणून नाही. मला ते खांब मुळीच आवडले नाहीत. समोरचे शेजारी कित्येक वर्षं विचारायचे, "बाई, गॅलरीच्या कुबड्या कधी निघणार?"

त्या निघाल्या नाहीत. दर उन्हाळ्यात गॅलरीत बायका बसायच्या, ज्वारीचे बिबडे आणि नागलीचे पापड व्हायचे, आणि मधोमध अक्का. त्यांना जाऊनही आता बराच काळ झाला.

गेल्या दिवाळीत तुमचे बाबा एकटे येऊन गेले. तेव्हा त्यांनी एक बेत केला. आखाजीला आपल्याकडे झोके बांधतात. पूर्वी निंबाला बांधायचे, आता गल्लीत तसं झाड उरलं नाही. बाबा म्हणाले, गॅलरीखालचे खांब काढून टाकू, वर गॅलरीच्या पोटात दोन भक्कम कड्या बसवू आणि मुलांसाठी तिथे झोका बांधू. मला बेत आवडला. खांब काढायला आणि कड्या बसवायला माणूस ठरला.

आणि मग तुमचा तो फोन आला. गॅलरीत रेंज चांगली मिळते म्हणून मी तिथे बसून व्हिडिओवर बोलत होते. तुमच्यापैकी धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्या मागे खाली ती काळी रेघ कसली आहे?" मी वळून पाहिलं. भिंत आणि गॅलरीची फरशी जिथे मिळतात तिथे लांबलचक भेग होती. रोज झाडत होते, पण रोजचं ते डोळ्यांना दिसत नाही. त्याच फोनवर पुढे तो सर्टिफिकेटचा प्रश्न आला.

आपल्या गल्लीतली एक मुलगी इंजिनिअर आहे. जळगावातच शिकली, इमारती तपासण्याचं काम करते. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती हातोडी आणि स्लॅबमधली सळई शोधणारं एक लहानसं यंत्र घेऊन आली. आधी तिने भिंतीलगत एक खड्डा खणायला लावला आणि पाया पाहिला. प्लास्टर ठोकून आवाज ऐकला. खोल्यांचे स्लॅब पाहिले. मी तिच्या मागे मागे, निकालाच्या दिवशी शाळेत उभं राहावं तशी.

"काकू, पाया फार चांगला आहे," ती म्हणाली. "वर अजून एक मजला चढवा हवं तर."

मला हायसं वाटलं. मग ती गॅलरीत गेली. बराच वेळ यंत्र फिरवलं, एका ठिकाणी छिन्नीने थोडं फोडलं आणि मला म्हणाली, "काकू, तुम्ही जरा आत उभ्या राहा."

मग खाली येऊन तिने विचारलं, "हे खांब कुणी लावले?"

"अक्कांनी."

"त्या इंजिनिअर होत्या?"

"त्या शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या. का गं?"

तिने समजावलं. खोलीवरचा स्लॅब चारी बाजूंनी भिंतींवर टेकलेला असतो, तो खालून ताणला जातो, म्हणून सळई खालच्या बाजूला घालतात. पुढे आलेली गॅलरी भिंतीपाशी वरून ताणली जाते, तिथे सळई वर हवी. नानांनी सगळीकडे घालतात तशी ती खालीच घातली होती.

"मग इतकी वर्षं कशी टिकली?"

"इतकी वर्षं ती गॅलरी नव्हतीच, काकू. खांबांवरचा मांडव होता."

मग मी तिला खांब काढण्याबद्दल आणि झोक्याबद्दल सांगितलं. ती खाटेवर बसली. "माणूस कधी येणार होता?"

"येत्या सोमवारी."

तिने पाणी मागितलं. मीही प्यायले. त्या माणसाला लगेच फोन करून नको म्हणून सांगितलं. तो चिडला, म्हणाला, मग झोका कशाला टांगणार? मी म्हटलं, कशालाच नाही, आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे पुसत बसले. नंतर लक्षात आलं की मी हसते आहे, त्या कुबड्यांनीच गॅलरी धरून ठेवली होती म्हणून.

अक्कांना देवाने सुचवलं, असं मी म्हणाले. ती मुलगी म्हणाली, "अक्का घाबरल्या होत्या, काकू. तेवढ्याने प्रत्येक घर वाचत नाही."

संध्याकाळी नानांना बोलावलं. आता थकलेत, काम करत नाहीत, पण ओळंबा लावल्यासारखे ताठ चालतात. मला धास्ती होती की त्यांना लागेल. त्या मुलीने टोपलीतलं एक केळं उचललं, त्याचं एक टोक टेबलावर दाबून धरलं, बाकीचं कडेबाहेर ठेवलं आणि मोकळं टोक खाली दाबलं. साल वरून फाटली. नाना बघत राहिले. मग त्यांनी स्वतः दुसरं केळं घेऊन तसंच केलं. तीही वरून फाटली.

"बाई," ते मला म्हणाले, "अशा मी अजून करेल शेतस."

आणि ते उठून चपला शोधू लागले. चहा ठेवला होता, तोही घेतला नाही. त्या मुलीच्या स्कूटीवर मागे बसून गेले. जळगावात आपण आणखी कोणत्या तीन घरांना गॅलरी केली हे त्यांना तोंडपाठ होतं. एक घर पाडून तिथे अपार्टमेंट झालं होतं. एकाच्या गॅलरीखाली मालकाने भिंत घालून दुकान काढलं होतं, म्हणजे तिलाही आधार मिळाला होता. तिसरी मात्र तशीच हवेत होती. तिथला मालक दारातच म्हणाला, "इतकी वर्षं उभी आहे ना? मग आता काय झालं?"

"उभी शे ती तिनी मेहेरबानी," नाना म्हणाले. "मी बांधेल शे, मी सांगी ऱ्हायनू. खाले कोनी बसू नका."

बांधणाराच असं म्हणतो म्हटल्यावर मालकाचा आवाज उतरला. त्याच संध्याकाळी तिथे खाली लोखंडी टेकू लागले. नाना परत आले आणि मग चहा मागितला. बशीत ओतून सावकाश प्यायले. मला वाटलं होतं ते खचलेले दिसतील, पण ओझं उतरवून आलेल्या माणसासारखे दिसत होते.

"मामानी माले भित शिकाडी," ते म्हणाले. "गॅलरी मामानी बी देखेल नव्हती."

तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे जे उत्तर आहे ते या वाक्यापाशी येतं. नानांच्या मामांनी पडलेल्या भिंती पाहिल्या होत्या, खचलेले पाये पाहिले होते, आणि ते सगळं भाच्याच्या हातात उतरवलं होतं. त्यांच्या आयुष्यात जे कधी पडलंच नाही ते ते शिकवू शकत नव्हते. कॉलेजात दुसऱ्या गावांत, दुसऱ्या देशांत पडलेल्या गॅलऱ्याही शिकवतात. ते शिकायला आपल्या घरची पडावी लागत नाही. म्हणून सर्टिफिकेट हवं, असं मी आता म्हणते. मात्र तीच मुलगी मला म्हणाली की कॉलेजातून बाहेर पडल्यावर पहिल्या कामावर तिने कोरड्या विटा लागू दिल्या होत्या. परीक्षेत त्यावर लिहिलं होतं, पण समोर पाहून ओळखलं नाही. तिच्या वरच्या साहेबांनी भिंत पाडायला लावली. म्हणजे लाथ तिलाही लागलीच.

गॅलरी गेल्या आठवड्यात उतरवली. खाली टेकू लावून, वरून थोडी थोडी फोडून, कुणाला खरचटलंही नाही. ती मुलगी उभी होती आणि नाना खुर्ची टाकून बसले होते. फोडणाऱ्यांना दोघांनी मिळून इतक्या सूचना दिल्या की शेवटी ते म्हणाले, एकाने कुणीतरी बोला. तपासणीचा कागद तुमच्या बाबांना पाठवला. त्यांनी तो वाचला, मला फोन केला आणि पहिलंच वाक्य बोलले, तिकिटं काढतो.

गॅलरी आता नाही. अक्कांचे खांब मात्र घरातच ठेवले आहेत. पाया, भिंती, स्लॅब आणि वरची तुमची खोली शाबूत आहेत.