डावी उजवीकडे, उजवी डावीकडे

आमच्या घरात कपडे वाळत घालायच्या दांडीवर कपडे कमी आणि वाद्याच जास्त. वादी म्हणजे कोर्टातला नव्हे. खोगिराला पाय ठेवायची रिकीब ज्याच्यावर लटकते ना, तो चामड्याचा पट्टा. नवी नवरी म्हणून मी ह्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा आमचे हे म्हणाले होते, "वादी दांडीवर, प्रतिवादी शेगडीपाशी. आता चालू दे खटला!" मेलं हसूच आलं मला. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

हे घोडेस्वारीच्या शाळेत सामानाच्या खोलीवर होते. चाळीस खोगिरं, त्यांची शिवण, तेलपाणी, सगळं ह्यांच्याकडे. आमची राहायची खोलीही शाळेचीच, तबेल्याच्या भिंतीला चिकटलेली. तिला एकच खिडकी, तीही तबेल्यात उघडणारी. भाजीला फोडणी दिली की पलीकडे घोडा शिंकायचा. नोकरी आहे तोवर खोली, नोकरी गेली की बोचकं डोक्यावर. लेक आहे, पण तिच्याकडे दोन खोल्यांत पाच माणसं. तिथे आम्ही काय दाराला टेकून झोपणार?

ह्यांचा एक नेम होता. माणूस घोड्यावर डावीकडून चढतो, म्हणजे सगळा भार डाव्या रिकिबीवर. चामडं ताणतं आणि डावी वादी बोटभर लांब होते. "मग पोरं वाकडी बसायला शिकतात," हे म्हणायचे, "आणि एकदा वाकडं बसलेलं माणूस जन्मभर वाकडं." म्हणून दर रविवारी डावी वादी उजवीकडे, उजवी डावीकडे. चाळीस खोगिरांच्या ऐंशी वाद्या. ताप असो, पाहुणे असोत. माझ्या बहिणीच्या लग्नात जेवणाच्या पंक्तीतून उठून आले होते हे. मी आठ दिवस अबोला धरला. ह्यांना तो बहुधा पाचव्या दिवशी कळला.

पावणेतीन वर्षांपूर्वी ह्यांचा अंगठा आखडला. मेणाचा दोरा ओढून ओढून दुसरं काय होणार! डॉक्टरांनी शिवण बंद करायला सांगितली. पण शिवण बंद म्हणजे नोकरी बंद. मग दुपारी शाळा सामसूम झाली की मी दार लावून शिवायला बसायची. हे समोर बसून हुकूम सोडायचे. "ओढ. अजून ओढ. हातात जीव नाही का?"

"सगळा जीव तुमचं ऐकण्यात जातोय," मी म्हणायची.

बाहेर मात्र अळीमिळी गुपचिळी. टाके ह्यांचेच, असं सगळे समजत.

आणि मग एक दिवस वळणावर एक वादी उसवली. नऊ वर्षांची मुलगी वाळूत पडली, मनगट मोडलं. हे ती वादी घेऊन घरी आले आणि मी बघताच ओळखली. माझा शेवटचा टाका जरा तिरका पडतो. "तू कुठे काही बोलायचं नाहीस," हे म्हणाले. मी नाही बोलले. पण कणीक मळताना स्वतःचं मनगट दिसलं की मला रडू कोसळायचं. देवा, लेकराच्या जिवावर बेतलं असतं तर?

पंधरा दिवसांनी शाळेच्या मालकीणबाई आमच्या दारात आल्या. हातात वाद्यांच्या तीन जोड्या, तिन्ही सिंथेटिक. "काका, तुम्हीच निवडा," त्या म्हणाल्या. "ह्यांना शिवण लागत नाही, तेल लागत नाही. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. तुम्ही सांगाल ती जोडी सगळ्या खोगिरांना लावू. चामडंच बरं म्हणालात, तर चामडं ठेवू. शनिवारपर्यंत सांगा." बाई चांगली आहे, तीच तर पंचाईत. वाईट असती तर मनातल्या मनात चार शिव्या तरी घातल्या असत्या.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "शिवण नको, तेल नको, मग माणूस तरी कशाला हवा?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

तीन दिवस आमच्या घराची प्रयोगशाळा झाली. तुळईला वादी टांगायची, तिला घोड्यांच्या चंदीचं पोतं लटकवायचं. स्वयंपाक करताना चार वेळा माझं डोकं त्या पोत्यावर आपटलं. पहिल्या जोडीची भोकं दुसऱ्याच दिवशी फाटली. दुसरीच्या पोटात नायलॉनची पट्टी होती. ती दोन दिवस लटकून केसभरही वाढली नाही. ह्यांनी फूटपट्टी लावून तीनदा मोजलं आणि तिसऱ्यांदा तोंड पार उतरलं. चांगली वस्तू बघून माणसाचं तोंड उतरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिसरी जोडी जाडजूड, दिसायला सगळ्यात भक्कम. पण ह्यांची एक परीक्षा बाकी होती. वादी खोगिराच्या लोखंडी आकड्यात अडकवलेली असते. स्वार पडला आणि पाय रिकिबीतच राहिला, तर वादी मागे सरकून आकड्यातून निघाली पाहिजे. नाहीतर घोडा माणसाला फरफटत नेतो. ह्यांनी खोगीर लाकडी घोडीवर बांधलं, रिकिबीत पाय घातला आणि जमिनीवर आडवे झाले. "धर काखेत आणि ओढ मला मागे."

चामड्याची वादी सटकन निघाली. दुसऱ्या जोडीतलीही निघाली. तिसरी काही निघेना. दुहेरी शिवणीची घडी आकड्यात ठासून बसली. लाकडी घोडी डुगडुगतेय, हे "अगं सोड, सोड!" म्हणून ओरडतायत आणि मी मेली हसतेय. मग माझं हसू एकदम थांबलं. त्या रिकिबीत मला ह्यांच्या पायाच्या जागी लहान बूट दिसला.

आणि तरी, खोटं कशाला बोलू, पुढचं मीच बोलले. "शनिवारी ही तिसरीच दाखवा. पाय कसा अडकतो ते बघितलं की बाई घाबरतील. चामडं राहील, खोली राहील."

हे उठून बसले. पाय चोळत म्हणाले, "आणि शिवणार कोण?"

इथंच तर घोडं पेंड खात होतं.

शनिवारी हे पिशवी घेऊन निघाले, मी मागोमाग. सामानाच्या खोलीत ह्यांनी आधी तिसरी वादीच काढली, आकड्यात घातली आणि खेचून दाखवली. बाईंचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे सिंथेटिक नकोच म्हणता?"

हो म्हणा, हो म्हणा, असं मी मनात घोकत होते. ह्यांनी पिशवीतून दुसरी जोडी काढून बाईंच्या हातात दिली. "ही घ्या. ताणत नाही, आकड्यातून निघते. आणि त्या मुलीची वादी माझ्या टाक्यामुळे उसवली. माझा अंगठा गेलाय. दोन वर्षं लपवलं मी."

माझ्याच्यानं राहवेना. "खोटं सांगतायत ते," मी म्हटलं. "टाका माझा होता. दोन वर्षांचे सगळे टाके माझे."

बाईंनी खुंटीवरची एक वादी घेतली आणि शिवणीवरून बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता बोचकं बांधायचं. त्या म्हणाल्या, "मुलीच्या आईला मी सगळं खरं सांगणार आहे. आणि शिवण आता कुणीच करायची नाही. पण काकू, सामानाची तुम्हाला जाण आहे. सोमवारपासून तुम्ही या. काकांना घरी आराम करू दे. खोली तुमचीच राहील."

मी घरी येताना जवळजवळ पळतच आले. हे खिडकीपाशी बसले. चहा दिला, तो तसाच निवला. शेवटी म्हणाले, "सव्वीस वर्षांत एक टाका उसवला. तो माझ्या नावावर राहू द्यायचास. आता तिथे माझं काहीच उरलं नाही. चूकसुद्धा तूच घेऊन गेलीस."

मी तो निवलेला चहा पुन्हा शेगडीवर ठेवला.

आठ महिने झाले. सामानाच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते. हे घरात, त्या एकाच खिडकीपाशी. दर रविवारी मी निघताना विचारतात, "डावी उजवीकडे करशील ना?" नवी वादी ताणत नाही. तीनदा मोजून ह्यांनीच सांगितलंय. सुरुवातीला मी खेकसले, "गरज काय मेली त्याची?" तर त्या दिवशी पान वाढलेलं तसंच राहिलं.

आता मी करते. ऐंशीच्या ऐंशी काढते आणि डावी उजवीकडे, उजवी डावीकडे घालते. रिकिबी एकमेकींवर आपटतात, तो आवाज तबेल्यातून आमच्या खिडकीपर्यंत जातो. हे मोजत बसतात. चाळीस खोगिरं झाल्याशिवाय जेवायला उठत नाहीत.