जास्वंदीचं आळं

बैलगाडी वेशीबाहेर पडली आणि आई मागून पळत आली. ओटी भरून झाली होती, गळ्यात पडून रडूनही झालं होतं, मग ही पुन्हा कशाला आली म्हणून मला आधी रागच आला. तिच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली जास्वंदीची फांदी होती. वरच्या टोकाला शेण लावलेलं. "फडकं सुकू दिऊ नगं," एवढंच म्हणाली आणि माघारी वळली. रहिमतपूरच्या स्टेशनापर्यंत माझ्या वाटणीचं पाणी निम्मं मी प्यायले आणि निम्मं त्या फडक्याला पाजलं.

लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. माणातल्या आमच्या कोरड्या गावचे बरेचसे तरुण पलटणीत होते, उरलेले मुंबईला गिरणीत. माझ्या नशिबी आलेला माणूस मात्र सांगलीला हळदीच्या पेठेत पोती तोलायच्या कामावर होता. सांगली तेव्हा संस्थान होतं. "लेक राजाच्या गावाला चाललीया," असं आई ज्याला त्याला सांगत सुटली होती. "तितं पान्याला तोटा न्हाई."

तुमच्यापैकी जे गावातच राहिलात त्यांना ती जास्वंद आठवत असेल. आमच्या न्हाणीमागं होती, साधी, लाल, पाच पाकळ्यांची. अंग धुतलेलं पाणी, भांड्यांचं पाणी, सगळं तिच्याच वाटेला जायचं. उन्हाळ्यात मेंढरांना पाला मिळायचा नाही, तेव्हाही आई तिचं एक पान तोडू द्यायची नाही. आणि जे माझ्यासारखे गाव सोडून गेलात, त्यांना भरपूर पाणी पहिल्यांदा दिसल्यावर डोकं कसं फिरतं तेही ठाऊक असेल.

माझं तर पार फिरलं. आमच्या दोन खोल्यांमागं परसात आड होता. दोर जरासा सोडला की घागर बुडायची. पहिल्या दिवशी मी नुसत्या घागरीवर घागरी काढत बसले. घरात ठेवायला भांडं उरलं नाही तेव्हा थांबले. आमचे हे दारात उभे राहून हसत होते. "आगं, आड कुटं पळून जात न्हाई," म्हणाले. कपडे, नखं, भुवया, सगळं हळदीनं पिवळं झालेलं, आणि वर मला हसत होते!

फांदी मी आमच्या रीतीनं लावली. माणात झाड खोल खड्ड्यात लावतात आणि भोवती उंच बांध घालून आळं करतात, म्हणजे पडलेला थेंब न थेंब मुळाशीच राहतो. मी तसंच केलं, बांध थापून थापून पक्का केला, आणि सकाळ-संध्याकाळ ते आळं काठोकाठ भरायला लागले. फांदी लागली. पानं आली, कळ्याही धरल्या. मग पावसाळ्यात एकेक पान पिवळं पडायला लागलं. कळ्या उमलायच्या आधीच गळून आळ्यातल्या पाण्यात तरंगायच्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी आणखी घातलं.

खरं सांगायचं तर तोवर मला सांगली नकोशी झाली होती. तांदूळ धुतलेल्या पाण्यात मी भांडी विसळायची, त्यावरून आडावरच्या बाया मला 'दुष्काळी' म्हणायच्या. तोंडावर हसायच्या. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात परका गाव. एके दिवशी मी यांना सांगून टाकलं, "ही जास्वंद जगली तर मी हितं ऱ्हाईन. न्हाईतर मला म्हायेरी धाडा." हे म्हणाले, "म्हंजी माजा संसार आता जास्वंदीच्या हातात व्हय?" त्यांनी हसण्यावारी नेलं. मी मात्र अगदी मनापासून बोलले होते, आणि झाड रोज डोळ्यांदेखत मरत होतं.

शेजारी चंद्राक्का राहायची. कानडी मुलखातून लग्न होऊन आलेली, आडावर मला कधीच न हसणारी. एके सकाळी ती कमरेवर हात ठेवून आळ्यापाशी उभी राहिली. "तारव्वा, झाड तहानलेलं न्हाई गं, बुडालंय. आळं फोड."

मी फणकारले. "तुमाला पान्याची किंमत काय ठावं?"

दुसरी कुणी असती तर तोंड फिरवून गेली असती. चंद्राक्का खाली बसली, पाण्यात हात घातला, मुळाजवळची मूठभर माती काढून माझ्या हातावर ठेवली. काळी, चिकट, आणि नासक्या पिठासारखा वास मारणारी. "तुज्या गावची माती मुरमाड. पानी धरत न्हाई, म्हनून तुमी आडवता. ही सोडतच न्हाई. मी बी हितं येऊनच हिची रीत शिकले."

मी खुरपं आणलं, पण हात उठेना. आमच्याकडं बांध फोडण्यावरून डोकी फुटतात. भरलेलं पाणी आपल्या हातानं सोडून द्यायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. चंद्राक्कानं खुरपं हिसकावून घेतलं नाही, घाईही केली नाही. शेवटी मी डोळे मिटले आणि घाव घातला. पाणी भळाभळा गटाराकडं निघालं, आणि मी काय करावं? पाय आडवा टाकून ते अडवायला गेले. चंद्राक्कानं माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच.

मग आम्ही दोघींनी खड्डा भरून घेतला, मुरूम आणि विटांचे तुकडे घातले, बुंधा वर उचलला. बांधाची एक कड कायमची मोकळी ठेवली. पिवळी पानं सगळी झडली आणि नुसती काडी राहिली. दसरा गेला आणि त्या काडीला लालसर कोंब आले. पहिलं फूल उमललं ते मी चंद्राक्काच्या देवाला वाहिलं. माहेरी जायचा विषय मी पुन्हा काढला नाही आणि यांनीही, शहाणा माणूस, काढला नाही. मी लिहा-वाचायला शिकले ते पुढं इथंच. आडावरच्या त्या बायांनीच माझ्या डोहाळजेवणाला घर भरून टाकलं. या गावाचे उपकार मोजायला बसले तर आज स्वयंपाक व्हायचा नाही.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही आईची रीत. म्हणून ती सांगलीला आली ते माझी थोरली झाल्यावर. जास्वंद तोवर कुडाच्या वर गेली होती. आईनं तिला वरपासून खालपर्यंत हात लावून पाहिलं, डोळे पुसले. मी कौतुकानं घागर आणून ओतली, आणि पाणी मोकळ्या कडेनं बाहेर निघालं.

"तारे! पानी वाया चाललं की गं! ध्यान कुटं हाय तुजं?" खुरपं उचलून ती कड बुजवायला धावलीच.

"ऱ्हाऊ दे, आई. आमच्यात असंच करत्यात."

बोलून गेले आणि मीच चपापले. आईचा हात जागीच थांबला. जन्मभर ज्या बाईनं एका पाण्याचा तीनदा उपयोग केला, ती वाहत्या पाण्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. मला वाटलं, दुखावली. एवढ्यात ती खाली वाकली.

"मग नीट तरी कर की," म्हणाली. "निम्मं आतच तुंबतंय." आणि तिनं स्वतःच्या हातानं ती वाट पार तळापर्यंत मोकळी करून दिली.

माहेर माझं माणात आहे आणि मरेपर्यंत तिथंच राहील. पण घर कुठलं असं कुणी विचारलं की मी सांगली म्हणते. तसं म्हणायची मुभा मला त्या दिवशी आईनं दिली.