रूट बंद

भूममधल्या आमच्या शाळेत संगणकाची खोली माझ्याकडं आहे. मुळात मी गणिताचा. तिथल्या मुख्य संगणकावर लिनक्स आहे. त्यात सगळ्यांवर हुकूम चालवणारं एक खातं असतं, त्याला रूट म्हणतात. रूट होऊन शिरलेला माणूस काहीही पुसू शकतो, त्याला अडवणारं कुणी नसतं. आमच्याकडं त्याचा पासवर्ड शिपायापासून संस्कृतच्या बाईंपर्यंत सगळ्यांना पाठ होता, कारण मुख्याध्यापक सर एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत तो टाइप करायचे.

गॅदरिंगच्या फोटोंना जागा करताना सरांनी दहावीच्या पोरांचं निम्मं प्रकल्पाचं काम उडवलं. उरलेलं वाचवायचं तर रूटचं दार लावणं भाग होतं. पण सर दुपारी त्याच संगणकापुढच्या खुर्चीत बसायचे ते संध्याकाळच्या एसटीपर्यंत. त्यांना 'उठा' म्हणायची माझी छाती नव्हती. निदान सूचना तरी द्यावी म्हणून मी स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिलं, 'आज तीननंतर रूट बंद.'

शपथेवर सांगतो, लिहिताना मनात पाप नव्हतं. ते नंतर आलं.

बार्शीहून ये-जा करणाऱ्या संस्कृतच्या बाई फळा वाचून माझ्याकडं आल्या. "कोणता रूट हो सर? परंड्याचा का बार्शीचा?"

इथं मला खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "मुख्य रूट."

"म्हणजे आमचाच की."

मुख्याध्यापकही बार्शीचेच. "आधी सांगायचं न्हाय व्हय?" म्हणत त्यांनी पिशवी उचलली, आणि तीनच्या आत सगळे बार्शीकर स्टँडवर.

मी खुर्चीत बसलो. आधी माझ्या साध्या खात्याला गरजेपुरते अधिकार दिले, ते चालतात का पाहिलं, मगच रूटनं थेट आत यायची वाट बंद केली. उलटं केलं असतं तर मीच बाहेर राहिलो असतो. पोरांचं उरलेलं काम शाबूत होतं. मला हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी पासवर्ड टाकला. संगणकानं नाकारला. पुन्हा टाकला. शेवटी मी सगळं कबूल केलं.

सरांनी कीबोर्ड बाजूला सारला. "म्हणजे 'रूट का बंद केला' म्हणून काल मी स्टँडवरच्या कंट्रोलरशी भांडलो, ते ह्या डब्यापायी?"

"व्हय सर."

"तो म्हणत होता गाडी चालूय, आणि मी त्याला खोटारडा म्हणालो." त्यांनी चष्मा काढला. "नवा पासवर्ड काय?"

सांगितला तर पोरांचं उरलेलंही गेलं. "सर, तुमचं वेगळं खातं केलंय, फोटो त्यात ठेवा. पण माझा पासवर्ड न्हाय सांगता येणार."

वाटलं, आता संपलं.

"नकाच सांगू," सर म्हणाले. "मला कळला तर संध्याकाळी बार्शीत पोचंल. पण आत्ता माझ्यासंगं स्टँडवर चला."

कंट्रोलरच्या खिडकीपाशी मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, फळ्यासकट. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सरांना विचारलं, "गुरुजी, हे शाळंत काय शिकवतेत?"

"गणित."

"मग ठीकाय," तो म्हणाला. "मला वाटलं, भाषा."